मुतखड्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा स्टेंट: त्रासाची कल्पना आधी किती द्यावी?

मुलुंडकर:
मुतखड्याची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होते, टाके पडत नाहीत, दुसऱ्या दिवशी घरी जाता येते, हे रुग्णाला आवर्जून सांगितले जाते. मात्र नंतर मूत्रवाहिनीत काही दिवस राहणाऱ्या डी. जे. स्टेंटबद्दल, म्हणजे लघवी वाहती ठेवणाऱ्या बारीक नळीबद्दल, ‘थोडा त्रास होईल’ एवढ्यावरच बोळवण होते. माझ्या धाकट्या भावाला घरी आल्यावर लघवीला बसताच कमरेतून बरगडीखाली कळ चढू लागली, लघवी गुलाबी दिसली आणि खडा आतच राहिला अशी त्याने धास्ती घेतली. वास्तविक या नळीचे एक टोक मूत्रपिंडात आणि दुसरे मूत्राशयात वळलेले असते, त्यामुळे लघवी करताना मूत्राशयातला दाब उलट वर चढतो आणि कळ येते. एवढे आधी समजले असते, तर दुखणे तेवढेच राहिले असते, पण भीती तरी टळली असती. वेदनाशामक आणि मूत्रवाहिनीचे स्नायू सैल करणारे टॅम्सुलोसिनसारखे औषध ‘सहनच झाले नाही तर’ म्हणून राखून न ठेवता, डॉक्टरांनी सुरुवातीपासून नेमून द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

परळनिवासी:
मुलुंडकर, आपल्या भावाचा त्रास खराच आहे, परंतु मी अनेक वर्षे शस्त्रक्रियेच्या वॉर्डात परिचारिका होते आणि दुसरी बाजूही मी जवळून पाहिली आहे. स्टेंटचा त्रास प्रत्येकाला सारखा होत नाही; काहींना तो जाणवतही नाही. वर्णन ऐकूनच धास्तावलेला रुग्ण शस्त्रक्रिया पुढे ढकलतो आणि अडकलेला खडा दुखायचा थांबला तरी मूत्रपिंडाचे नुकसान करत राहतो. सरसकट गोळ्यांचेही मला पटत नाही. ज्यांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) वाढलेले आहे त्यांच्यासाठी डिक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक औषधे धोक्याची असतात. शिवाय अशा गोळ्यांनी ताप दबतो, आणि या शस्त्रक्रियेनंतर थंडी वाजून ताप येणे म्हणजे तातडीने रुग्णालय गाठण्याची वेळ असते.

माझी खरी काळजी निराळीच आहे. कोकणातून, घाटावरून परळला येणारे रुग्ण बरे वाटले की गावी जातात आणि नळी आत आहे हेच विसरतात. ती तीन महिन्यांपलीकडे राहिली तर तिच्यावरच क्षार साचू लागतात, आणि मग ती काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ येऊ शकते.

कांजूरचा प्रवासी:
ताई, रुग्ण विसरतो याचा अर्थ त्याला नीट सांगितले गेले नाही, असाच होत नाही का? सकाळच्या गर्दीत कांजूरहून सीएसएमटी गाठताना, लघवी रोखून धरता येत नसलेल्या माणसाचे काय होत असेल याचा विचार करा. लोकलमध्ये शौचालय नसते आणि मधल्या स्थानकावर उतरले तर पुन्हा चढता येईलच असे नाही. त्याला आधी कल्पना असती तर त्याने रजा तरी मागितली असती. शिवाय स्टेंट प्रत्येकाला लागतोच असे नाही. गुंतागुंत नसलेल्या दुर्बीण शस्त्रक्रियेनंतर तो टाळता येतो, असे अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनची मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात. ‘माझ्या बाबतीत तो लागेल का?’ हे विचारण्याची संधी रुग्णाला मिळायलाच हवी.

परळनिवासी:
अवश्य विचारावे, मात्र मूत्रवाहिनीला किती सूज आहे, तिला इजा झाली आहे का, हे दुर्बीण आत गेल्यावरच दिसते, म्हणून शेवटचा निर्णय शस्त्रक्रिया करणाऱ्यानेच घ्यायचा असतो. सुजलेल्या वाहिनीत नळी न ठेवता घरी पाठवलेला रुग्ण लघवी तुंबून असह्य कळांनी परत येऊ शकतो, आणि ते दुखणे स्टेंटच्या दुखण्याहून भयंकर असते.

मुलुंडकर:
निर्णय डॉक्टरांचाच, हे मला मान्य आहे. परंतु वर्णनाने रुग्ण घाबरतो, हे मी मान्य करणार नाही. भाऊ घाबरला तो काहीच ठाऊक नव्हते म्हणून. क्रिएटिनिन पाहून कोणती गोळी चालेल, किती तापाला धावत यायचे आणि नळी कोणत्या तारखेला काढायची, हे डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहून, घरच्यांना वाचून दाखवले, तर आपण मांडलेले तिन्ही धोके त्यातच येतात. त्यासाठी वेगळा खर्च नाही. घरी सोडताना पाच मिनिटे बसून बोलणारे माणूस तेवढे हवे.