पिशाच्च उन्हात जळतं, हा नियम केला कोणी?

रिळवाला: कालच्या धाग्यात एकाने ठोकून दिलं, की 'ट्वायलाइट' चित्रपटाने (२००८) व्हँपायर, म्हणजे रक्तपिपासू पिशाच्च, उन्हात चमकवून परंपरेचं वाटोळं केलं, खरा ड्रॅक्युला उन्हात राख होतो. खरा म्हणजे कुठला? स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीतला ड्रॅक्युला भर दिवसा लंडनमध्ये फिरतो. दिवसा त्याची शक्ती घटते, एवढंच. ऊन जीवघेणं केलं जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊच्या 'नोस्फेरातू' या मूकपटाने, १९२२ मध्ये.

खडूस: ते वाक्य माझंच होतं आणि मी त्यावर ठाम आहे. कादंबरी ठेवा कपाटात, पडद्यावर काय रुजलं ते बोला. १९५८ चा हॅमर या ब्रिटिश कंपनीचा 'ड्रॅक्युला' घ्या. व्हॅन हेल्सिंग झालेला पीटर कुशिंग खिडकीचा पडदा खाली ओढतो, दोन मेणबत्तीदाण्यांचा क्रूस करून ड्रॅक्युला झालेल्या ख्रिस्तोफर ली याला उन्हात रेटतो. चेहऱ्यावर लाल रंग, वर मेण, त्यावर नेहमीच्या कातडीच्या रंगाचा मेकअप. ली बोटांनी ओरबाडतो आणि कातडी सोलल्यासारखी दिसते. सेन्सॉरने कापलेला हा तुकडा जपानमधल्या रिळांमुळे परत मिळाला. नियम आहे म्हणून असा शेवट आहे. चमकणाऱ्याला मारायचं कसं, सावलीत नेऊन?

घुबड: ऊन-ऊन करताय, पण तुमचा 'नोस्फेरातू'मधला पिशाच्च ऑरलॉक शवपेटी बगलेत मारून लख्ख उजेडात गावातून चालतो. तेव्हा कसा नाही मेला?

रिळवाला: रंग न चढवलेली प्रत बघून मतं ठोकायची, ही इथली जुनी खोड! तेव्हाची फिल्म मंद होती, बाहेर रात्री चित्रण करणं जिकिरीचं. म्हणून दिवसा घ्यायचे आणि प्रिंट रंगात बुडवायचे: रात्रीला निळा, दिव्याच्या उजेडाला पिवळसर, पहाटेला गुलाबी. पुढे कृष्णधवल नकला निघाल्या, त्यात रात्रीचा दिवस झाला.

घुबड: प्रिंट रंगवणं, म्हणजे टिंटिंग, आम्हालाही ठाऊक आहे, शिकवणी नको. दिवसाची रात्र करायची तर सूर्य पाठीमागून घ्या, एक-दोन स्टॉप कमी एक्स्पोज करा (दर स्टॉपला प्रकाश निम्मा), लाल फिल्टर लावून आकाश काळं करा. यातलं काय केलंय?

रिळवाला: लाल फिल्टर? तेव्हाच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसतच नाही. फिल्टर लावलात तर फ्रेमच काळी. निळं आकाश मात्र तिच्यावर पांढरंफटक येतं. तुमची युक्ती सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म आल्यावरची.

मधली_रांग: उन्हाचं पुराण पुरे, दातांचं बोला. ऑरलॉकला उंदरासारखे मधले दोन दात. युनिव्हर्सल या हॉलिवूड कंपनीच्या १९३१ च्या 'ड्रॅक्युला'तल्या बेला लुगोसीला सुळेच नाहीत. छायालेखक कार्ल फ्रॉइंडने त्याच्या डोळ्यांवर बारीक झोत टाकले, तेवढ्यात भागलं. सुळे १९५३ च्या तुर्की चित्रपटात दिसतात, गाजवले हॅमरने. आता जो तो जबडाभर सुळे बसवतो. नटाच्या दातांचा साचा घेऊन ॲक्रिलिकचे टोप करतात. जाड झाले की ओठ मिटत नाही आणि 'स' म्हणताना शिट्टी वाजते. मग डबिंग करा.

खडूस: दातांचा वेगळा धागा काढा. रिळवाले, बरं बाबा, नियम १९२२ चा, तुमच्या प्रतीसकट लखलाभ. सिनेमाने केलेला नियम सिनेमालाच लागू नाही, हे मात्र अजब.

रिळवाला: लुगोसीचा ड्रॅक्युला खुंटी ठोकून मरतो, तीही पडद्याबाहेर. नुसतं कण्हणं ऐकू येतं. युनिव्हर्सलने तेव्हा तुमचा नियम कुठे पाळला?

घुबड: आकाशाचं पटलं. पण भर उन्हात घेतलं की सावल्या करकरीत पडतात, निळ्या रंगाने त्या पुसल्या जात नाहीत. त्यावर बोला.