एसएफटीपी खात्यांची होम डिरेक्टरी कोणती ठेवावी?

अर्धविराम:
एका लिनक्स सर्व्हरवर केवळ एसएफटीपीने, म्हणजे एसएसएचच्या सुरक्षित जोडणीवरून, फाइलींच्या देवाणघेवाणीसाठी काही खाती उघडली आहेत. प्रत्येक खात्याची होम डिरेक्टरी '/एसआरव्ही/एसएफटीपी/खातेनाव' अशी असून शेल (लॉगिननंतर आज्ञा चालवणारा प्रोग्राम) 'नोलॉगिन', म्हणजे लॉगिन नाकारणारा, आहे. या खात्यांच्या गटासाठी ओपनएसएसएचच्या सेटिंगमध्ये 'मॅच ग्रुप'खाली सीएचरूट डिरेक्टरी (वापरकर्त्याला जी मूळ डिरेक्टरी म्हणून दिसते आणि जिच्याबाहेर तो जाऊ शकत नाही) म्हणून होम डिरेक्टरीच दिली आहे. पासवर्ड स्वीकारला जातो, मात्र पुढच्याच क्षणी जोडणी तुटते आणि वापरकर्त्याला 'ब्रोकन पाइप' एवढेच दिसते. लॉगिन होताच वापरकर्ता थेट 'आवक' या फोल्डरमध्ये पोहोचावा, अशीही इच्छा आहे. नेमके काय चुकते आहे?

रात्रपाळी:
सर्व्हरचा लॉग पाहिलात, तर सीएचरूट डिरेक्टरीची मालकी किंवा परवानग्या योग्य नसल्याची तक्रार तेथे बहुधा आढळेल. सीएचरूटसाठी दिलेली डिरेक्टरी आणि तिच्यापर्यंतच्या मार्गातील प्रत्येक पायरी रूट या सर्वाधिकारी खात्याच्या मालकीची असावी लागते, आणि त्यांपैकी कशावरही गटाला किंवा इतरांना लिहिण्याची परवानगी असून चालत नाही. होम डिरेक्टरी तयार करताना ती खातेदाराच्या मालकीची होते, त्यामुळे एसएसएचडी (ओपनएसएसएचचा सर्व्हर-प्रोग्राम) जोडणी तोडतो. ही अट जाचक वाटते, पण निराधार नाही: स्वतःच्या मुळाशीच लिहू शकणारा वापरकर्ता तेथे बनावट 'ईटीसी' (सिस्टिमच्या सेटिंगची डिरेक्टरी) उभी करू शकतो.

तेव्हा बाहेरची डिरेक्टरी रूटच्या नावे ७५५ परवानगीची (लिहिणे फक्त मालकाला, वाचणे सर्वांना) ठेवा, आत 'आवक' तयार करून तिची मालकी खातेदाराला द्या, आणि 'फोर्स कमांड' म्हणून 'इंटर्नल-एसएफटीपी' लिहा. एसएफटीपीचा हा प्रकार एसएसएचडीच्या आतच चालत असल्याने सीएचरूटमध्ये शेल किंवा लायब्ररी ठेवाव्या लागत नाहीत आणि 'नोलॉगिन' शेलही आड येत नाही. स्वतंत्र एसएफटीपी-सर्व्हर प्रोग्राम मात्र खातेदाराच्या शेलमार्फत सुरू होतो, त्यामुळे 'नोलॉगिन' असता तो चालणार नाही.

अर्धविराम:
आभारी आहे, जोडणी आता टिकते. त्यानंतर सीएचरूटचा मार्ग सेटिंगमध्ये पूर्ण लिहिला आणि पासवर्ड-फाइलीतील होम डिरेक्टरी बदलून नुसती '/आवक' केली. वापरकर्ता अपेक्षेप्रमाणे त्या फोल्डरमध्ये उतरतो, पण ज्यांचे लॉगिन पासवर्डऐवजी कीवर (ओळख पटवणाऱ्या डिजिटल किल्लीवर) चालत होते त्यांची की आता नाकारली जाते.

मूळपद:
गोम अशी आहे की होम डिरेक्टरीचा तो एकच रकाना एसएसएचडी दोनदा वाचतो, आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ निराळा असतो. ओळख पटवण्याच्या वेळी सीएचरूट अजून झालेले नसते, म्हणून '/आवक' म्हणजे सर्व्हरच्या खऱ्या मुळाखालची डिरेक्टरी ठरते, आणि तेथे ना की ठेवण्याची '.एसएसएच' डिरेक्टरी आहे ना की. सीएचरूट झाल्यावर तोच मार्ग नव्या मुळापासून मोजला जातो आणि तेव्हा तो बरोबर लागतो. आपली पहिली मांडणी याच्या अगदी उलट होती: की सापडत होती, परंतु पूर्ण मार्ग सीएचरूटच्या आत अस्तित्वात नसल्याने वापरकर्ता मुळाशीच थांबला असता.

माझ्या मते होम डिरेक्टरी '/आवक'च राहू द्यावी आणि 'ऑथोराइज्ड कीज फाइल' या सेटिंगमध्ये रूटच्या मालकीच्या, होमबाहेरील डिरेक्टरीचा मार्ग द्यावा. त्यात खातेनावासाठी 'टक्का-यू' हे चिन्ह वापरता येते. या फाइली ६०० (फक्त मालकाला वाचता येतील अशा) ठेवू नयेत, कारण एसएसएचडी त्या खातेदाराच्या अधिकाराने उघडतो, ६४४ (सर्वांना वाचता येतील अशा) योग्य.

रात्रपाळी:
मी हे उलट बाजूने करतो. होम डिरेक्टरी पूर्ण मार्गाचीच ठेवावी आणि 'इंटर्नल-एसएफटीपी'ला 'उणे डी' या पर्यायाने '/आवक' सांगावे. मग की आधीच्याच जागी राहते आणि हे सर्व्हर सांभाळणाऱ्या पुढच्या माणसाला पासवर्ड-फाइलीत कोड्यासारखा मार्ग दिसत नाही. अर्थात '.एसएसएच' डिरेक्टरी तेव्हा सीएचरूटच्या आतून दिसते. ते खटकत असेल तर मूळपद यांचीच पद्धत बरी.

मूळपद:
तो आक्षेप रास्त आहे. माझी पद्धत वापरणाऱ्यांनी आणखी एक खबरदारी घ्यावी: 'यूजरमॉड' या खात्याची माहिती बदलणाऱ्या आज्ञेने होम बदलताना 'उणे डी' पुरेसा आहे, सोबत 'उणे एम' देऊ नये. तो दिल्यास जुनी होम डिरेक्टरी सगळ्या फाइलींसह सर्व्हरच्या खऱ्या मुळाखाली '/आवक' म्हणून हलवली जाते. शिवाय सेटिंग बदलल्यावर 'एसएसएचडी उणे टी' चालवून तपासावे, आणि नवे लॉगिन यशस्वी होईपर्यंत स्वतःचे चालू सत्र बंद करू नये.

अर्धविराम:
'उणे एम' मी दिला होता. खऱ्या मुळाखाली '/आवक' खरोखरच सापडली आणि एका खात्याच्या जुन्या फाइली तिच्यातच होत्या. त्या परत जागेवर नेल्या आहेत, मालकी पुन्हा तपासली आहे, आणि होम पूर्ण मार्गाची करून रात्रपाळी यांची पद्धत लावली आहे. दोन्ही प्रकारची लॉगिन चालतात.