मदत हवी आहे: निबंधावर ‘आधार कमी’ असा शेरा येतोय

रंकाळा_काठ: चार निबंध तपासून आले, चारींवर तोच शेरा: ‘आशय चांगला, आधार कमी’. उदाहरणं तर भरपूर घालतोय. आधार वाढवायचा म्हणजे नेमकं काय करायचं? रविवारी पुढचा पेपर आहे, लवकर सांगा.

गंगावेश_ताई: परीक्षा कुठली? विषय काय? एक परिच्छेद जसाच्या तसा टाका की, त्याशिवाय कोण काय सांगणार?

उजळाईवाडीकर: दहावीला सुरुवात सुविचाराने करायची आणि समास सोडायचा. अक्षर सुटसुटीत असलं की निम्मं काम होतं.

रंकाळा_काठ: दहावी नाही हो, यूपीएससी मुख्य, मराठी माध्यम. सरावाचा विषय ‘निसर्गाशी भांडून माणूस जिंकत नाही’. परिच्छेद: ‘माणसाने नदीवर अतिक्रमण केले, म्हणून 2019 ला कोल्हापुरात महापूर आला. केरळ, उत्तराखंड, चेन्नई इथेही तेच झाले. शाहू महाराजांनी 1902 मध्ये 50 टक्के आरक्षण दिले, तशी दूरदृष्टी आज हवी.’

बिंदू_चौक: आकडे घाल भावा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं. झाला आधार.

पंचगंगा_घाट: नाही झाला. या आकड्याने पूर मोठा होता एवढंच कळतं. विधान आहे ते अतिक्रमणामुळे पूर आला असं, म्हणजे पुरावा कारणाचा पाहिजे. निळी पूररेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्या पट्ट्यात भराव पडला की पाणी पसरायची जागा आकसते आणि तेवढ्याच विसर्गाला पातळी जास्त चढते. ही साखळी दोन वाक्यांत लिहा आणि मग 55 फूट आणा. शिवाय अतिवृष्टी होतीच, त्यामुळे ‘अतिक्रमणामुळे पूर आला’ असं न लिहिता ‘अतिक्रमणाने पुराची झळ वाढली’ असं लिहा. जेवढं सिद्ध करता येतं तेवढंच विधान करायचं.

बिंदू_चौक: खरं कारण कर्नाटकातलं अलमट्टी धरण आहे. ते कोणी लिहीत नाही.

पंचगंगा_घाट: वडनेरे समितीचा 2020 चा अहवाल 2019 च्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडत नाही. तो निष्कर्ष पटत नसेल तर तसं कारणासकट लिहा, पण तो माहीतच नसल्यासारखं लिहू नका. विरोधी पुरावा लपवला की बाकीच्या परिच्छेदावरचाही विश्वास उडतो.

रंकाळा_काठ: अलमट्टी राहू द्या! माझ्या परिच्छेदाचं सांगा.

गंगावेश_ताई: केरळ, उत्तराखंड, चेन्नई ही नुसती यादी आहे. तिन्ही ठिकाणची कारणं वेगळी, म्हणून ‘तेच झाले’ हे चूक. दोन काढा, एक ठेवा आणि ते उलगडा. परिच्छेद 120 ते 150 शब्दांचा: एक वाक्य विधान, एक-दोन पुरावा, आणि पुराव्यावरून विधान कसं निघतं हे सांगायला किमान दोन. तुमची ही शेवटची दोन कायम गायब असतात, शेरा त्यासाठीच आहे. निबंध 1000 ते 1200 शब्दांचा, म्हणजे असे सात-आठ परिच्छेद पुरे.

आरक्षणाचं वाक्यही काढा. 26 जुलै 1902 चा तो जाहीरनामा सामाजिक न्यायाच्या निबंधात भक्कम पुरावा आहे, इथे ओढूनताणून आणलेला वाटतो. महाराजच हवे असतील तर राधानगरी घ्या.

उजळाईवाडीकर: हो, महाराजांनी बांधून पूर्ण केलेलं धरण.

पंचगंगा_घाट: काम त्यांनी सुरू केलं, धरण पुरं झालं स्वातंत्र्यानंतर. परीक्षकाने अशी एक चूक पकडली की खऱ्या आकड्यांवरही शंका घेतो. खात्री नसेल तर साल लिहू नका. विषयाला नेमकं बसतं ते त्याचे 7 स्वयंचलित दरवाजे. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की त्याच्याच दाबाने उघडतात. निसर्गाशी न भांडता त्याचंच बळ वापरायचं, हे वाचणाऱ्याला डोळ्यांसमोर दिसतं. पण हा दृष्टांत झाला. दृष्टांताने मुद्दा समजतो, सिद्ध होत नाही, म्हणून पूररेषेचा पुरावा काढू नका.

रंकाळा_काठ: असं चालेल? ‘पूररेषेच्या आत भराव पडल्याने पंचगंगेची पसरण्याची जागा घटली. 2019 च्या अतिवृष्टीत राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांची धोका पातळी ओलांडून 55 फुटांच्या वर गेले. पाऊस माणसाच्या हाती नव्हता. नदीची जागा मोकळी ठेवणे होते. राधानगरीचे दरवाजे पाण्याच्याच दाबाने उघडतात, त्यात पाण्याशी झगडा नाही.’

गंगावेश_ताई: तिसरं वाक्य उत्तम. पण भरावाने पातळी का चढते हे अजून आलेलं नाही, ते पहिल्या वाक्याला लागून घाला. आणि दरवाज्यांचं वाक्य पुढच्या परिच्छेदाच्या सुरुवातीला न्या, इथे ते पुराव्याची धार कमी करतंय.