अँजिओमायोलिपोमा (मूत्रपिंडातली चरबी, स्नायू आणि रक्तवाहिन्यांची, कर्करोग नसलेली गाठ) फुटून रक्तस्राव: मूत्रपिंड काढावंच लागतं का?

प्रश्न: ६ सेंमीची गाठ आपोआप फुटलीय, कुशीत कळ, हिमोग्लोबिन घसरतंय. आधी काय?

उत्तर १: काढायची घाई नको. आधी शिरेत दोन जाड सुया, रक्त चढवणं, मग सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारं स्कॅन). स्राव चालू असेल तर एम्बोलायझेशन: मांडीच्या धमनीतून कॅथेटर (बारीक नळी) गाठीला रक्त देणाऱ्या फांदीपर्यंत नेऊन तेवढीच बंद करायची. उरलेलं मूत्रपिंड वाचतं, आणि ते फार मोलाचं आहे.

उत्तर २: नुसती कॉइल (धमनी बंद करणारी धातूची बारीक स्प्रिंग) धमनीच्या मुळाशी बसवू नका! बाजूच्या वाहिन्या गाठीला पुन्हा रक्त पुरवतात, वर आत शिरायची वाटही बुजते. आधी गाठीतल्या बारीक वाहिन्या बुजवायला बारीक कण किंवा अल्कोहोल. ५ मिमीहून मोठा धमनीफुगा (धमनीच्या भिंतीला आलेला फुगवटा) सोडू नका, फुटण्याचा धोका तिथेच जास्त.

उत्तर ३: एम्बोलायझेशननंतर काही दिवस बहुतेकदा ताप येतो, रेंगाळला तर गळू तपासा. ट्यूबरस स्क्लेरोसिस (अशा गाठी होणारा जनुकीय आजार) असेल तर पुढे एव्हरोलिमस या गाठ आकसवणाऱ्या औषधाचा विचार व्हावा.