मदत हवी आहे: छोट्या अपार्टमेंटमध्ये रीलोडिंगचं बेंच, उचलून कपाटात ठेवता येईल असं

घाटमाथा
नमस्कार. दोन बेडरूमचं अपार्टमेंट, गॅरेज नाही, तळघर नाही. रीलोडिंगसाठी असं बेंच हवंय की काम झालं की उचलायचं आणि कपाटात ठेवायचं. कपाट आतून २६ इंच रुंद आहे. यूट्यूबवर दिसतात ते सगळे भिंतीत ठोकलेले आठ-आठ फुटी ओटे, त्यांचा मला उपयोग नाही.

दोनदा प्रयत्न करून झालाय. पहिल्यांदा लिहायच्या टेबलाला प्रेस बोल्टने लावला. तिसऱ्याच केसला टेबलाच्या कडेचा तुकडा बोल्टसकट निघून आला, आत नुसता दाबलेला भुसा. दुसऱ्यांदा जेवणाच्या टेबलावर सी-क्लॅम्पने फळी आवळली. ती प्रत्येक खेपेला थोडी सरकते आणि टेबल माझ्याकडे ओढलं जातं.

जुलैत मॅच आहे, पाच आठवडे उरलेत. कुणी केलंय का असं काही? मापं द्या. 'हा नाद सोडा' सांगणार असाल तर कृपया नको.

पाटीपेन्सिल
रीलोडिंग कशाचं? शीर्षकावरून कळलं नाही. प्रिंटरच्या काडतुसात शाई भरायचं असेल तर त्याला प्रेस कशाला लागतो?

घाटमाथा
बंदुकीच्या काडतुसाचं. झाडलेली पितळी केस फेकून न देता तिला प्रेसमध्ये दाबून मूळ मापावर आणतात, नवं प्रायमर (पावडर पेटवणारी छोटी टोपी) बसवतात, पावडर मोजून भरतात, वर नवी बुलेट बसवतात. अमेरिकेत हा जुना आणि कायदेशीर छंद आहे. मॅचसाठी करतात कारण प्रत्येक काडतूस सारखं हवं असतं. आता बेंचबद्दल कुणी सांगेल का?

रंधा
प्रेस कोणता? कॅलिबर कोणतं? उभा राहून करणार की बसून? घर भाड्याचं की स्वतःचं? खाली लाकडी जमीन की गालिचा? एवढं सांग, मग मापं देतो.

घाटमाथा
साधा सिंगल स्टेज प्रेस, एका वेळी एकच काम करणारा. कॅलिबरने बेंचला काय फरक पडणार? टेबल ते टेबल.

रंधा
फरक तिथेच पडतो. पिस्तुलाची केस कार्बाइड डायमध्ये (केस मापावर आणणाऱ्या कडक साच्यात) बोटांच्या जोरावर जाते. पॉईंट थ्री झिरो एटसारखी रायफलची केस पूर्ण दाबायची तर अंगाचं वजन टाकावं लागतं. हँडल खाली ओढताना बेंच तुझ्या अंगावर कलतं. केस डायमधून सोडवताना तेच हँडल वर ढकलतोस, तेव्हा बेंचची पुढची कड उचलली जाते. म्हणजे दोन्ही दिशांनी ओढाताण. तुझ्या भुशाच्या टेबलाची कड म्हणूनच गेली. ओझं पेलायची ताकद आणि ही ओढाताण सोसायची ताकद वेगळी. शंभर किलोचा माणूस बसू शकेल असं टेबलही इथे हरतं.

घाटमाथा
हो, थ्री झिरो एटच आहे. उभा राहून करेन. भाड्याचं घर, सगळीकडे गालिचा.

मेपल_पान
बेंचच्या आधी एक प्रश्न, रागावू नका. तुम्ही व्हिसावर आहात की ग्रीन कार्डवर? एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक आणि दारूगोळा दोन्ही बाळगायला मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत. आणि दारूगोळा या शब्दाच्या व्याख्येत नुसती केस, प्रायमर, बुलेट आणि पावडरसुद्धा येते. 'बंदूक मित्राची आहे, मी फक्त काडतुसं भरतो' हे चालत नाही. आपल्या मंडळींना हे माहीत नसतं, म्हणून प्रत्येक धाग्यावर विचारते.

घाटमाथा
ग्रीन कार्ड आहे, सहा वर्षं झाली. ओहायोत कोलंबसजवळ राहतो. मॅच कॅम्प पेरीला आहे.

कृष्णाकाठ
कॅम्प पेरी म्हणजे एरी सरोवराकाठी १९०७ पासून राष्ट्रीय स्पर्धा होतात तेच ना? वाचून अंगावर काटा आला, शुभेच्छा! आमच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य. त्यालाही काडतुसं घरी भरता आली असती तर सरावाचा किती खर्च वाचला असता!

मेपल_पान
कृष्णाकाठ, तो प्रकार पॉईंट टू टू कॅलिबरचा. त्या काडतुसाचं प्रायमर वेगळं नसतं, ते मिश्रण केसच्या कडेच्या आतल्या खोबणीतच असतं आणि पिन त्या कडेवर पडते. एकदा झाडलं की ती कड चेपली, पुन्हा भरायची सोय नाही. शिवाय भारतात दारूगोळा बनवायला १९५९ च्या आर्म्स अॅक्टच्या कलम ५ खाली परवाना लागतो. तिकडे कुणी हे वाचून प्रयोग करू नका.

साताऱ्याहून
शेतीच्या रक्षणासाठी बंदुकीचा परवाना काढायचा आहे. अर्ज पोलीस ठाण्यात द्यायचा की कलेक्टर कचेरीत?

मेपल_पान
साताऱ्याहून, त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे नीट उत्तरं मिळतील.

एकटा_पथिक
बेंचच नको! ली कंपनीचा हातात धरायचा प्रेस घ्या. अडकित्त्यासारखा दोन हातांत धरून दाबायचा. मी नऊ वर्षं सोफ्यावर बसून थर्टी-एट स्पेशल ही रिव्हॉल्व्हरची काडतुसं भरतोय. बुटाच्या खोक्यात सगळं सामान मावतं. लोक उगाच सुतारकाम वाढवतात.

रंधा
थर्टी-एट स्पेशलला ठीक. तो थ्री झिरो एट म्हणाला आहे. शंभर केसेस हातात धरून दाबून बघा, मग पुढच्या आठवड्यात मनगटाचं काय झालं ते लिहा.

एकटा_पथिक
मी रायफलच्या थर्टी-ओ-सिक्स केसेसही दाबल्या आहेत. केसला वंगण नीट लावलं तर जातात. वंगण न लावता केस डायमध्ये अडकवणारे लोक बेंचला दोष देतात.

रंधा
किती दाबल्या? वीस? मॅच आणि सराव धरून त्याला पाच-सहाशे लागतील. वंगणाचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं, घाटमाथा, ते लक्षात ठेव.

जुनं_ते_सोनं
माझं ऐका, पायाने चालवायच्या जुन्या शिवणयंत्राचा बिडाचा स्टँड शोधा. आमच्या आईच्या मशीनचा स्टँड दोन माणसांना उचलत नसे. इथे गराज सेलमध्ये सिंगरचे तसे स्टँड मिळतात. त्यावर जाड फळी टाका, काम फत्ते. दिसायलाही देखणं, वर कुंडी ठेवा.

रंधा
स्टँड सुंदर असतो, पण तो उचलून कपाटात ठेवायचाय. आणि त्याच्या दोन बाजू मधल्या आडव्या पट्टीने जोडलेल्या असतात. बोल्ट जुने झाले की स्टँड डावी-उजवीकडे डुलतो. शिवायला त्रास होत नाही, इथे होईल.

रानजाई
मी बेंचबद्दल लिहीत नाही, पण कुणीच विचारलं नाही म्हणून विचारते. जेवणाच्या टेबलावर करत होतात म्हणालात. घरात लहान मूल आहे का?

घाटमाथा
मुलगी आहे, तीन वर्षांची. ती झोपल्यावरच करतो. टेबल पुसून घेतो.

रानजाई
मग हे नीट वाचा. नेहमीच्या प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं. झाडलेल्या केसमधून जुनं प्रायमर बाहेर पडतं तेव्हा जी काळी भुकटी पडते, तिच्यात ते शिसं असतं. केसेस कोरड्या टंबलरमध्ये (केसेस घुसळून साफ करायच्या यंत्रात) घासल्या की तीच धूळ हवेत उडते. नुसतं कोरड्या फडक्याने पुसून ती जात नाही, पसरते. गालिच्यात मुरते, आणि तीन वर्षांचं मूल दिवसभर गालिच्यावर बसून हात तोंडात घालतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने मुलांच्या रक्तातल्या शिशाची लक्ष ठेवण्याची पातळी २०२१ मध्ये ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटरवर आणली. मी लहान मुलांच्या दवाखान्यात काम करते. छंदातून घरात शिसं आलेली मुलं आम्ही पाहिली आहेत, आणि आईबाप चांगलेच होते. जेवणाचं टेबल आजच बंद करा. पुढच्या भेटीत मुलीची रक्तातल्या शिशाची तपासणी मागून घ्या.

एकटा_पथिक
इतकं घाबरवायची गरज नाही. माझी दोन मुलं याच घरात मोठी झाली.

रानजाई
तुमची तपासली होती का? कमी प्रमाणातलं शिसं बाहेरून दिसत नाही, शाळेत लक्ष लागत नाही तेव्हा कळतं. घाबरवत नाहीये. ओलं फडकं, वेगळे कपडे, साबणाने हात आणि मुलीच्या हालचालीपासून दूर जागा, एवढंच सांगतेय.

घाटमाथा
रानजाई, धन्यवाद. हे मला खरंच माहीत नव्हतं. शनिवारची वेळ घेतली आहे. टेबल धुतलं.

रंधाकाका, आता मापं सांगा. कपाट लॉबीतलं आहे, मुलीच्या खोलीपासून लांब.

रंधा
घे लिहून.

खाली ब्लॅक अँड डेकरचा वर्कमेट किंवा तशी घडीची घोडी. हा वर्कमेट रॉन हिकमन नावाच्या माणसाने काढला, लोटस एलान गाडी आखणारा तोच. त्याचे दोन जबडे आवळता येतात हे महत्त्वाचं, कारण आपल्याला क्लॅम्पवर विसंबायचं नाहीये.

वर पाऊण इंची प्लायवूडचे दोन तुकडे, २४ बाय १८ इंच, एकमेकांना पूर्ण सरस लावून चिकटव. रात्रभर वजनाखाली ठेव. दुकानात पूर्ण शीट कापून देतात, घरी करवत चालवायची गरज नाही. फळीच्या खाली, बरोबर मध्ये, टू बाय फोर लाकडाचा २० इंची तुकडा उभा लाव, सरस आणि लांब स्क्रू दोन्ही. (इथला टू बाय फोर प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असतो, मोजून घे.) हा तुकडा वर्कमेटच्या जबड्यात जातो. जबडे आवळले की फळी सरकायला जागाच नाही.

प्रेस पुढच्या कडेला, उजवीकडे, पण जबड्याच्या शक्य तितका जवळ. फळी पुढे दोन-अडीच इंचापेक्षा जास्त बाहेर नको, फक्त रॅमचा (प्रेसच्या वर-खाली होणाऱ्या दांड्याचा) सांधा आणि हँडल मोकळं फिरेल इतकीच. लाकडाचे स्क्रू वापरू नकोस. आरपार बोल्ट, खाली लोखंडी पट्टी, रुंद वॉशर, आत नायलॉनचं कडं असलेले लोखंडी नट.

मागच्या बाजूला खाली वजन हवं. तुझ्या बुलेट्सच तिथे ठेव. १६८ ग्रेनच्या (ग्रेन हे बुलेटच्या वजनाचं एकक) ५०० बुलेट्स म्हणजे १२ पौंड, म्हणजे साडेपाच किलो, दोन खोकी ठेवलीस तर फुकटचं वजन झालं. मोठ्या वर्कमेटला पायरी असते, जोर लावताना डावा पाय तिच्यावर.

मेपल_पान
दोन गोष्टी जोडते. पावडर मोजायचा काटा याच फळीवर ठेवू नका, प्रेसच्या हादऱ्याने आकडा हलतो. वेगळ्या स्टुलावर ग्रॅनाइटची एक फरशी, पाणसळ लावून, पंख्याचा आणि एसीचा झोत चुकवून. आणि एका वेळी एकच पावडर बाहेर, मूळ डब्यातच. काम संपलं की पावडर सोडायचा हॉपर रिकामा.

साठ्याबद्दल: एनएफपीए या अमेरिकी अग्निसुरक्षा संस्थेच्या ४९५ क्रमांकाच्या नियमावलीत राहत्या घरात २० पौंडांपर्यंत पावडर मूळ डब्यात आणि १०,००० पर्यंत प्रायमर चालतात. पण भाडेकरार त्याहून कडक असू शकतो, तो काढून वाचा.

घाटमाथा
करार वाचला. ज्वलनशील वस्तूंचं कलम आहे. ऑफिसला ईमेल करून विचारलं, एक पौंडाच्या दोन डब्यांना लेखी हो म्हणाले.

जुनं_ते_सोनं
बंदूक ठेवायला कुठली तिजोरी वापरता? माझ्या मते बायोमेट्रिकपेक्षा किल्लीची बरी.

घाटमाथा
(अकरा दिवसांनी)
झालं. काकांच्या मापाने केलं. प्रेस लावलेली फळी सुमारे ४० पौंडांची झाली, वर्कमेट वेगळा. दोन खेपांत कपाटात जातं, फळी उभी आणि घोडी तिच्या पाठीला टेकून.

गालिच्यावर सहा बाय आठचं व्हिनाइल अंथरलंय, कडा दोन इंच वर वळवून. पहिल्याच रात्री एक प्रायमर हातातून निसटलं, टुणटुणत कडेपर्यंत गेलं आणि तिथे थांबलं. गालिच्यात गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी व्हॅक्युममध्ये गेलं असतं, आणि तिथे ते फुटू शकतं. व्हिनाइल ओल्या फडक्याने पुसून गुंडाळतो, फडकं पिशवीत बांधून टाकतो, कपडे थेट मशीनमध्ये. घासकाम ओल्या टंबलरमध्ये, बाल्कनीत.

सरकतंय का पाहायला जबड्याच्या कडेला फळीवर पेन्सिलने रेघ मारली होती. ६० केसेस दाबल्यावर रेघ जिथल्या तिथे.

मुलीचा रिपोर्ट आला. २ पेक्षा कमी. रानजाई, तुम्ही विचारलं नसतं तर मी अजून त्याच टेबलावर बसलो असतो.

रानजाई
वाचून खूप बरं वाटलं. सहा महिन्यांनी पुन्हा तपासा.

एकटा_पथिक
मीही परवा तपासून घेतलं, स्वतःचं. ९ आलं. टंबलर बाहेर काढलाय. हातातला प्रेस मात्र सोडणार नाही.

रंधा
घाटमाथा, पहिल्या शंभर केसेसनंतर चारही नट पुन्हा आवळ. नवा प्लायवूड वॉशरखाली दबतो. आणि फळीच्या कडांना रंग नाहीतर पॉलिश दे, नाहीतर तीच काळी भुकटी प्लायच्या थरांत शिरेल.

घाटमाथा
आवळले. अर्धा फेरा गेला. कडांना आज रात्री पॉलिश.