मदत हवी आहे: जार जार कापला, आता संगीत तुटतंय

मंडळी, 1999 च्या ‘स्टार वॉर्स: द फँटम मेनेस’ची घरच्यापुरती काटछाट करतोय. कल्पना माझी नाही. 2001 च्या सुमारास ‘द फँटम एडिट’ नावाची एका चाहत्याने केलेली आवृत्ती व्हीएचएसवर हातोहात फिरत होती. त्यात जार जार बिंक्स या विनोदी पात्राला बरीच कात्री लागली होती. (तो आवडणाऱ्यांनी माफ करा, मला झेपत नाही.)

अडलंय ते आवाजापाशी. दृश्य कापलं की मागचं संगीत मध्येच तुटतं. 5.1 मध्ये (सहा चॅनलांचा सराउंड आवाज) संवाद बहुतेक मधल्या चॅनलवर असतात, म्हणून तेवढाच बंद करून पाहिला. संगीत वाचलं, पण पावलांचे वगैरे आवाजही गेले. ते तुम्ही कुठून भरून काढता?

दुसरी अडचण कथेची, आणि खरी डोकेदुखी तीच. जेडाय योद्धा क्वाय-गॉन छोट्या अॅनाकिनचं रक्त तपासून घेतो तो मिडीक्लोरियनचा (जेडायांच्या ‘फोर्स’ या गूढ शक्तीशी जोडणारे रक्तातले सूक्ष्मजीव) प्रसंग मला नकोच आहे. पण तो काढला, तर जेडाय काउन्सिलपुढे, म्हणजे जेडायांच्या वरिष्ठ मंडळापुढे, हा माणूस पोराला जेडाय करण्यासाठी एवढा का अडून बसतो? जेवणाच्या टेबलावर निघालेला जेडायसारख्या चपळाईचा विषय आणि पुढे शर्यतीतला विजय, एवढ्यावर प्रेक्षकाला पटेल का? की तपासणी ठेवून फक्त आकड्यांची बडबड उडवू?

फाइल मात्र मागू नका, देणार नाही.