मदत हवी आहे: ‘टारझन’च्या एकांकिकेत कुलोंगाचं काय करावं?

ठाण्यातल्या ग्रुपसाठी ४० मिनिटांची एकांकिका बसतेय. १९१२ची पहिली टारझन कादंबरी, पण नायिका जेनच्या बाजूने. शेवट पक्का आहे: बोटांच्या ठशांवरून टारझनच ग्रेस्टोक या इंग्रज सरदारघराण्याचा वारस ठरल्याची तार हातात, तरी तो जेनच्या वाग्दत्त वराला ‘माझी आई वानरीण’ एवढंच सांगतो. लोकलज्जेचं अख्खं नाटक त्या तारेत आहे.

अडतंय आधी. टारझनला वाढवणाऱ्या वानरआई कालाला कुलोंगा हा आफ्रिकन शिकारी विषारी बाणाने मारतो. प्रसंग गाळून पाहिला, तर शेवटची ‘आई’ पोकळ होते. निवेदकाकडे दिला, तर बातमी वाटते. ठाण्याजवळच्या येऊरच्या आदिवासी पाड्यांवर आणला, तर कलंक थेट खऱ्या माणसांवर बसतो, म्हणून रद्द.

मूळ पुस्तकात दुवा आहे: कुलोंगाचे लोक बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या काँगोतल्या अत्याचारांतून पळून आलेले. लेखकाने तो ओझरता वापरलाय, आम्हाला ठळक करायचाय.

नट पाच. तोंडाला काळा रंग नाही, झोक्याची दोरीही नाही. कॉपीराइट संपलाय, त्यावर उत्तरं नकोत.

काँगोचा संदर्भ कुलोंगाच्या तोंडी बाणाआधी द्यावा (मग टारझनचा सूड निव्वळ खून वाटेल), की जेनला प्रेमात पडल्यावर कळू द्यावा?